एस.आर. १३१ कार्पात्स

एस.आर. १३१ ‘कार्पात्स’ हा रोमानियातील ब्राशोव शहरात तयार होणारा मध्यम क्षमतेचा मालवाहू ट्रक होता. सुमारे ३ टन भार वाहणारा हा ट्रक १९६० च्या सुमारास उत्पादनात आला. कार्पेथियन पर्वताचे रोमानियन नाव त्याला देण्यात आले. त्याच घराण्यातील ५ टनी एस.आर. ११३ हा ब्राशोवच्या दक्षिणेकडील पर्वतरांगेवरून ‘बुचेज’ म्हणून ओळखला गेला. एस.आर. ही ‘स्त्यागुल रोशु’ या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे होत. या नावाचा अर्थ ‘लाल झेंडा’ असा आहे.

पार्श्वभूमी

या कारखान्याचे मूळ १९२१ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेसामग्रीच्या उद्योगात आहे. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५४ मध्ये येथून एस.आर. १०१ हा पहिला ट्रक बाहेर पडला. त्याची रचना रोमानियन नव्हती. तो सोव्हिएत झिस १५० या ट्रकचा अनुवादच होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. चीनचा ‘जिएफांग’ हा ट्रकही याच सोव्हिएत नमुन्यावरून घडला. १९५० ते १९६० या काळात खुद्द ब्राशोव शहराला स्टालिनचे नाव होते. शहराला जुने नाव परत मिळाले त्याच सुमारास कारखान्यानेही सोव्हिएत नमुना मागे टाकला, हा योगायोग बोलका आहे.

इंजिन

एस.आर. १०१ मध्ये एका रांगेत सहा सिलिंडर असलेले सुमारे ९० अश्वशक्तीचे इंजिन होते. कार्पात्समध्ये त्याऐवजी चार-चार सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगांचे, म्हणजे व्ही-८ प्रकारचे, सुमारे ५ लिटर क्षमतेचे व १४० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसविण्यात आले. ३ टनी ट्रकला ही ताकद भरपूर होती आणि घाटरस्त्यांच्या देशात तिचे मोल मोठे होते.

मात्र हेच इंजिन या ट्रकची दुखरी बाजूही ठरले. प्लोएश्तच्या तेलविहिरींमुळे रोमानियात पेट्रोलची परंपरा जुनी होती. तरी या ट्रकची इंधनाची भूक मोठी होती. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जात असल्याने तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते. दिवसभर धावणाऱ्या मालवाहू वाहनाच्या बाबतीत हा फरक निर्णायक असतो.

उत्तरकाळ

अखेर रोमानियाने पश्चिम जर्मनीतील मान या कंपनीशी परवाना-करार केला. त्यानुसार १९७१ पासून ब्राशोव येथे ‘रोमान’ हे डिझेल ट्रक तयार होऊ लागले. त्यांत लांब बोनेट नाहीसे होऊन चालकाची केबिन इंजिनावर आली. कार्पात्सचे उत्पादन त्या दशकात थांबले. सोव्हिएत नमुन्यापासून जर्मन परवान्यापर्यंतच्या वाटचालीत स्वतःच्या इंजिनाचा हा टप्पा अल्पकाळाचाच ठरला.

१५ नोव्हेंबर १९८७ रोजी वेतनकपात व अन्नटंचाई यांना कंटाळलेले याच कारखान्याचे कामगार मोर्चाने शहरात शिरले आणि चाउशेस्कू राजवटीविरुद्धचा ब्राशोवचा उठाव घडला. १९८९ च्या क्रांतीनंतर कारखान्याचे ‘लाल झेंडा’ हे नाव गेले आणि त्याच्याच ट्रकचे ‘रोमान’ हे नाव त्याला मिळाले.