जाड, तिरकं आणि ठाम

लाल पट्टा, त्यावर पांढरी, जाड, उजवीकडे झुकलेली अक्षरं आणि मागे कृष्णधवल फोटो. अमेरिकी कलावंत बार्बरा क्रूगर हिचं काम ओळखायला सही शोधावी लागत नाही. तरुणपणी ती 'मादमोआझेल' मासिकाची पानं मांडायची. पान उलटणारा हात कसा थांबवायचा, याची तालीम तिला तिथेच मिळाली. १९८९ साली गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनला निघालेल्या मोर्चासाठी तिने भित्तिपत्रक केलं. त्यात एका बाईचा चेहरा उभा दुभागलेला आहे, अर्धा फोटोसारखा, अर्धा निगेटिव्हसारखा. आणि वर, मध्ये, खाली मोजके शब्द. तिचं आवडतं अक्षर म्हणजे फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक, फ्युचुरा अक्षराचा जाड, तिरका ठसा.

मूळ फ्युचुरा अक्षरकार पॉल रेनरने १९२७ मध्ये फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीसाठी घडवलं. वर्तुळ, सरळ रेघ, टोकांना कसलीही शेपटी नाही. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका केलेल्या रेनरला १९३३ मध्ये अटक झाली होती. निषेधाच्या भित्तिपत्रकावर त्याचंच अक्षर यावं, हे मला फार उचित वाटतं.

या जाड, तिरक्या ठशाचं बळ दोन गोष्टींत आहे. जाडीमुळे शब्द लांबून दिसतो. तिरकेपणामुळे तो पुढे झेपावतो. म्हणूनच खेळाडूंच्या जर्सी, मोटारशर्यती आणि सेलच्या पाट्या त्याला जवळ करतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या 'सुप्रीम' दुकानाने तर लाल चौकटीतलं हेच वळण आपली ओळख केलं. मात्र सलग मजकुरात हा ठसा छळतो. सगळेच शब्द ओरडू लागले की एकही ऐकू येत नाही. चार-पाच शब्द, फार तर एक ओळ, एवढीच त्याची मर्यादा.

तिरकेपणाही दोन तऱ्हांचा. इटालिक वळण व्हेनिसच्या आल्दुस मनुतिउसच्या छापखान्यात १५०१ च्या सुमारास रूढ झालं. ते हस्ताक्षरावरून आलेलं, त्यामुळे त्यात अक्षरांचे आकारही बदलतात. बिनशेपटीच्या अक्षरांत मात्र बहुधा उभं अक्षरच झुकवतात; त्याला ऑब्लिक म्हणतात. आड्रियान फ्रुटिगरने १९५७ च्या 'युनिव्हर्स' या बिनशेपटीच्या अक्षरात प्रत्येक छटेला क्रमांक दिला. ६५ म्हणजे जाड आणि ६६ म्हणजे जाड तिरका.

पण झुकवणं म्हणजे नुसतं ढकलणं नव्हे. संगणकात गोल 'ओ' उजवीकडे ढकलून बघा. वरचा उजवा आणि खालचा डावा भाग फुगतो, उरलेले दोन बाजूचे भाग बारीक होतात. अक्षर जाड असेल तर हे व्यंग अधिकच डोळ्यांत भरतं. चांगला अक्षरकार ती वळणं एकेक करून पुन्हा रेखतो.

आपल्या देवनागरीत तर हे आणखी जपायला हवं. बटण दाबून जाड ठसा तिरका केला की शिरोरेघ आडवीच राहते आणि काने तेवढे कलतात. 'ब' आणि 'ष' यांच्या पोटातली डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ अजून जाड होते. आधीच अरुंद असलेली पोकळी छपाईच्या शाईत बुजते. मराठी मथळ्याला जोर हवा असेल, तर जाडी वाढवावी, रंग द्यावा, भोवती मोकळी जागा सोडावी. तिरकेपणाच हवा असेल, तर मथळ्यातले ते दोन-तीन शब्द सुलेखनकाराकडून हाताने लिहून घ्यावेत.