वादळाआधीची यादी

मे महिना उजाडला की ठाणे जिल्ह्यात पावसाळापूर्व बैठकांचा हंगाम सुरू होतो. जिल्हाधिकारी कार्यालय, सहा महापालिका, नगर परिषदा, रेल्वे, महावितरण, पाटबंधारे, पोलीस, अग्निशमन दल, सगळे एका टेबलाभोवती बसतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पाणी उपसण्याचे पंप चालू आहेत का, नाले कुठवर साफ झाले, कुठल्या झाडांच्या फांद्या उतरवायच्या, हे सारे विचारले जाते. धोकादायक इमारतींची यादी वाचली जाते. आरोग्य खात्याची पाळी आली की प्रश्न ठरलेला असतो : औषधसाठा आहे का? उत्तरही ठरलेले : आहे. क्लोरीन, ओआरएस, डॉक्सिसायक्लिन, सर्पदंशावरील लस. बैठक पुढे सरकते.

या तयारीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा यातले फारच थोडे हाताशी होते. मुंबईची मिठी नदी सर्वांच्या लक्षात राहिली. पण कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरही त्या दिवशी उल्हास आणि वालधुनीच्या पाण्यात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, जिल्हा प्राधिकरणे आली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. त्याचे फळ २७ जुलै २०१९ ला दिसले. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आले, हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, आजूबाजूच्या गावांतली माणसे धावली आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

त्यांच्यात नऊ गर्भवती होत्या. हे कळले ते सुटकेच्या धावपळीत. आरक्षणाच्या तक्त्यात प्रवाशाचे वय असते, लिंग असते. कोण गरोदर, कोणाच्या पिशवीत इन्सुलिन आहे, कोणाचे दुसऱ्या दिवशी डायलिसिस आहे, हे नसते. रेल्वेकडून ती अपेक्षाही नाही. पण शहराकडून आहे, कारण शहरात हीच माणसे वर्षभर एकाच पत्त्यावर राहतात, एकाच दवाखान्यात येतात आणि त्यांची नावे कुठल्या ना कुठल्या वहीत आधीच लिहिलेली असतात.

वादळात माणसे बुडतात, भिंत पडते, विजेचा धक्का बसतो. हे मृत्यू बातमीत येतात. दुसऱ्या तऱ्हेचे मृत्यू उपचार तुटल्यामुळे होतात आणि ते कुठेच ‘वादळात मृत्यू’ म्हणून लिहिले जात नाहीत. २०१७ मध्ये प्युर्तो रिको बेटावर ‘मारिया’ वादळ आदळले. सरकारी आकडा सुरुवातीला ६४ होता. हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन विचारले, तेव्हा अंदाज हजारांत गेला आणि त्यातले जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्याने वा थांबल्याने झाल्याचे घरच्यांनी सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचे वादळ आले आणि दिवसेंदिवस वीज गेली. आपल्याकडच्या अनेक घरांतली मुले तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्या आईवडिलांनी ते दिवस फोन हातात धरून काढले असतील. त्या राज्याने अखेर २४६ मृत्यू मोजले. बहुतेक थंडीने गारठून. काही बंद जागेत जनरेटर किंवा गाडी चालू ठेवल्याने कार्बन मोनॉक्साइड वायूने. काही जुना आजार बळावल्याने. तिथे बर्फ, इथे पाणी. पण रस्ता बंद आणि वीज बंद हे दोन्हीकडे सारखेच, आणि रुग्णाचे शरीर त्या दोहोंतच अडकते.

डायलिसिसचेच पाहू. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर जावे लागते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत राहते. पाणी साठले की दम लागतो, रुग्ण आडवा होऊ शकत नाही, घरच्यांना कळते. पोटॅशियम मात्र गुपचूप चढते. थोडा अशक्तपणा, थोडे जड वाटणे, आणि मग हृदयाची लय बिघडून ते थांबते. अशा रुग्णाला पुरात एक फेरी चुकली, तर काय करायचे हे आधी सांगितलेले असावे लागते : पाणी मोजून, मीठ कमी, केळी, नारळपाणी, फळांचा रस पूर्ण बंद. आता गंमत बघा. पूरग्रस्तांना आपण प्रेमाने काय वाटतो? केळी, बिस्किटे, फरसाणाची पाकिटे. निरोगी माणसाला उत्तम. डायलिसिसच्या रुग्णाला त्यातले जवळपास काहीच चालत नाही.

यावर उपाय साधा आहे आणि तो तपासलेला आहे. २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळ न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर येणार असे कळल्यावर तिथल्या अनेक केंद्रांनी रुग्णांना ठरलेल्या दिवसाच्या आधीच बोलावून डायलिसिस करून घेतले. नंतर हिशेब मांडला गेला तेव्हा असे लवकर डायलिसिस झालेल्यांत तातडीने रुग्णालयात यावे लागण्याचे आणि पुढच्या महिन्याभरातल्या मृत्यूचेही प्रमाण कमी आढळले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. हवामान खात्याचा इशारा आणि रुग्णांचे फोन नंबर, एवढेच लागले.

इशारा आता आपल्याकडेही मिळतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत ‘अत्यंत मुसळधार’; तशी शक्यता दाट असली की जिल्ह्याला लाल इशारा मिळतो. तो आला की शाळांना सुटी जाहीर होते. त्याच वेळी प्रत्येक डायलिसिस केंद्रातून फोन जायला हरकत काय? ‘उद्याऐवजी आज या.’ यंत्रे रात्रपाळीत चालवावी लागतील, तंत्रज्ञांना थांबवून घ्यावे लागेल, त्यांच्या जेवणाची सोय बघावी लागेल. हे सगळे लाल इशारा आल्यावर सुचून उपयोग नाही, मे महिन्यातच ठरलेले हवे.

कल्याण-डोंबिवलीचा भूगोल यात भर घालतो. रेल्वेने दोन्ही शहरे पूर्व-पश्चिम अशी कापली आहेत; पलीकडे जायला मोजके पूल. उल्हासचे पाणी खाडीत उतरते आणि त्याच वेळी मोठी भरती असली तर ते तुंबते. रायते पुलावरून पाणी गेले की कल्याण-मुरबाड रस्ता बंद होतो आणि मुरबाडकडून उल्हासनगर किंवा कल्याणला पाठवलेली अडलेली बाई मध्येच थांबते. प्रसूतीत रक्तस्राव सुरू झाला तर हातात तास-दोन तास असतात, पूर ओसरायला दिवस लागतो. अशा बाईला १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पुलापाशीच थांबणार.

गडचिरोलीत भामरागडकडे हे दर पावसाळ्यात होते. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांना पाणी चढण्याआधीच रुग्णालयाजवळ आणून ठेवण्याची पद्धत तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी बसवली आहे. आदिवासी भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ ही योजना याचसाठी आहे : बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन राहायचे, सोबत घरचे एक माणूस. मुंबईच्या उंबरठ्यावरच्या जिल्ह्याने भामरागडकडून शिकावे, हे कोणाला कमीपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. प्रत्येक गर्भवतीची नोंद आणि अपेक्षित तारीख आशाताईंच्या वहीत असतेच. लाल इशाऱ्याच्या आठवड्यात जिची तारीख आहे आणि जिचे घर पुलाच्या पलीकडे आहे, अशी नावे त्या वहीतून काढायला एक दुपार पुरे.

आता जी नावे कुठल्याच सरकारी वहीत नसतात त्यांच्याविषयी. कोविडनंतर घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेली माणसे वाढली. फुप्फुसांचे जुने आजार, जुना क्षय. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. पाणी मीटरच्या खोलीत शिरले की महावितरणला पुरवठा बंद करावाच लागतो, नाहीतर पाण्यातून धक्का बसून माणसे मरतील. तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या आजोबांचे यंत्र थांबते. शेजारी सिलिंडर हवा. मध्यम आकाराच्या, ज्याला ‘बी टाइप’ म्हणतात त्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर तो साडेबारा तास पुरतो, चार लिटर लागत असेल तर सहा तासांच्या आसपास. एवढा भागाकार प्रत्येक घराने करून ठेवावा. सोसायटीचा जनरेटर असेल तर तो उघड्या जागी असावा. तळघरात किंवा बंद दुकानात चालवला की टेक्सासमध्ये जे झाले ते डोंबिवलीतही होईल. त्या वायूला वास नसतो.

इन्सुलिनची काळजी मात्र लोक फाजील करतात. फ्रिज बंद पडला म्हणून कुपी फेकून देऊ नका. वापरात असलेली कुपी साधारण पंचवीस-तीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार आठवडे टिकते. मातीच्या मडक्यात किंवा ओल्या फडक्याजवळ कोरड्या डबीत ठेवली तर पावसाळ्यात चिंता नाही. धोका वेगळाच असतो : जेवणाचा पत्ता नसताना नेहमीचा डोस टोचून घेणे.

तयारीच्या यादीत रुग्णालयाने स्वतःलाही धरले पाहिजे. सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या नामांकित सरकारी रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात. तळघर बुडाले आणि कर्मचाऱ्यांनी रांग करून हातोहात डिझेल तेरा मजले चढवले. आपल्याकडच्या इमारतींतही जनरेटर, औषध भांडार, लिफ्टचा विजेचा पेटारा कुठे ठेवायचा हे बहुधा ‘जागा उरली तिथे’ या न्यायाने ठरते, आणि जागा उरते ती तळाशी.

त्याहून नाजूक गोष्ट माणसांची. आमच्याकडच्या परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, कर्जतहून लोकलने येतात. लोकल थांबली की रात्रपाळीला सोडवायला कोणी येत नाही. मग एकच सिस्टर सलग तीन पाळ्या काढते आणि छत्तिसाव्या तासाला इंजेक्शनची मात्रा मोजत असते. चालत येण्याच्या अंतरावर कोण राहते, याची यादी प्रत्येक रुग्णालयाने काढली तर हे टळते. निवृत्त कर्मचारीही त्यात घेता येतात. बोलावले तर ते आनंदाने येतात, हा माझा अनुभव आहे.

यादी म्हटली की कुणाच्या घरात कोणता आजार आहे हे उघड होण्याची भीती येते, आणि ती रास्त आहे. क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्याचे नाव प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लागलेले कोणालाच नको. पण बचावाला जाणाऱ्याला आजाराचे नाव लागतच नाही. ‘वीज लागते’, ‘उचलून न्यावे लागते’, ‘अमुक तारखेच्या आत रुग्णालय’ एवढे पुरते. अमेरिकेत २०१३ पासून अशी व्यवस्था आहे : विजेवरच्या उपकरणांवर जगणारे किती, याचे भागवार आकडे सर्वांना खुले, नावे मात्र आपत्तीच्या वेळी आरोग्य अधिकाऱ्यांनाच. आणि आपल्याकडेही नाव माहीत असले की काम होते, हे दिसलेले आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून जाणार असे कळताच मुंबईतल्या जम्बो कोविड केंद्रांमधून सुमारे ५८० रुग्ण आधीच पक्क्या इमारतींत हलवले गेले. ते करता आले, कारण प्रत्येक रुग्ण खाट क्रमांकासह नोंदलेला होता.

पाणी ओसरल्यावरचेही थोडे. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या लघवीतून पुराच्या पाण्यात आणि तिथून पायाच्या खरचटीतून अंगात येणारा आजार. तो साधारण पाच ते चौदा दिवसांनी डोके वर काढतो, म्हणजे मदत छावण्या उठल्यावर आणि बातम्या थांबल्यावर. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. किती वेळा पाण्यात गेलात, पायाला जखम होती का, यावर डॉक्सिसायक्लिनची मात्रा ठरते. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे औषध आहे. म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यातले काही झाले तर ‘पावसाचा ताप’ म्हणून घरी बसू नये आणि डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आठवणीने सांगावे. आम्ही विचारतोच; पण ओपीडीत दोनशे माणसे असली की एखाद्याला विचारायचे राहू शकते.

घरात डायलिसिसचा, ऑक्सिजनचा किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर मे महिन्यातच प्रभाग कार्यालयात आणि जवळच्या आरोग्य केंद्रात लेखी कळवून पोच घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पंधरा दिवसांची औषधे प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा. आणि कार्यालयांतल्या मंडळींना एक विनंती : ही यादी संगणकात असू द्या, पण तिची एक छापील प्रत प्रभागाच्या अधिकाऱ्याकडे आणि एक आशाताईंकडे द्या. वीज गेल्यावर उघडते ती तीच.