थर्मोस्टॅट काढून गाडी थंड होत नाही

"मराठवाड्यात थर्मोस्टॅटचं काय काम? ती थंड देशातल्या गाड्यांची भानगड." उन्हाळा लागला की बीड, माजलगाव, परळीकडच्या गॅरेजांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. दहा-बारा वर्षं वापरलेली डिझायर, ॲक्सेंट किंवा इंडिगो मांजरसुंब्याचा घाट चढताना तापते, टोचन लावून गॅरेजवर येते. मिस्त्री होजची क्लिप सोडवतो, आतला तळहातात मावणारा थर्मोस्टॅटचा वॉल उपटून बाजूला टाकतो आणि मोकळंच झाकण परत आवळतो. काटा खाली राहतो. मालक खूश, मिस्त्रीही खूश. वर्षभराने तीच गाडी विकली जाते, तेव्हा नव्या मालकाला टायर नवे असल्याचं आवर्जून सांगितलं जातं. वॉल नसल्याचं कोणी सांगत नाही.

जुन्या सेडानविषयी गैरसमज पुष्कळ आहेत, पण इतका चिवट आणि इतका खर्चिक दुसरा नाही.

आधी हा वॉल करतो काय ते पाहू. त्याच्या पोटात मेणाची एक गोळी असते. इंजिन थंड असताना वॉल बंद असतो आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. पाणी ८२ अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं, वॉल उघडू लागतो आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. तो बहुतेक वेळा वॉलच्या चकतीवरच कोरलेला असतो. आणखी दहा-पंधरा अंश चढले की वॉल पूर्ण उघडतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी, घाटात, एसी लावून, पाच माणसं घेऊन गाडी चढत असेल तेव्हा चांगला थर्मोस्टॅट सताड उघडाच असतो. तो पाणी अडवत नाही. जो अडवत नाही त्याला काढून वाट मोकळी कशी होणार?

आता थंड देशांचा मुद्दा. दुबई आणि मस्कतला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे धावणाऱ्या गाड्यांतही थर्मोस्टॅट असतो. बीडचं ऊन त्याहून कडक असल्याचा दावा अजून तरी कोणी केलेला नाही.

उन्हाचा परिणाम होतच नाही असं मात्र नाही. रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकतो हे साधारणपणे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ चा. हवा ४२ अंश झाली की तो ४८ वर येतो. रेडिएटरची ताकद सरळ पाव भागाने घटली. जानेवारीत ज्या अर्धवट तुंबलेल्या रेडिएटरने निभावून नेलं, तो मे महिन्यात हात टेकतो. दोष रेडिएटरचा असतो, शिक्षा वॉलला होते.

मग वॉल काढल्यावर काटा खाली का येतो? कधी कधी वॉल खरोखरच बंद अवस्थेत अडकलेला असतो. अशा वेळी तो काढणं हा रात्री रस्त्यावर अडकल्यावर घरी पोचण्यापुरता अगदी योग्य उपाय आहे, आणि तो सुचवणारा मिस्त्री चुकत नाही. चूक पुढे होते: नवा वॉल बसवायचा राहून जातो. दुसऱ्या प्रकारात रेडिएटर थोडाच तुंबलेला असतो. गावातल्या गावात फिरताना मोकळ्या वाटेने पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गरजेपेक्षा थंड राहतं आणि दुखणं झाकलं जातं. पुढचा घाट आला की ते पुन्हा वर येतं.

थंड इंजिन चांगलं, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक पाण्याचं तापमान सतत मोजत असतो. इंजिन पुरेसं तापलेलं दिसलं नाही की तो थंडीतल्या स्टार्टिंगसारखं जादा इंधन देत राहतो. ॲव्हरेज पडतं, आणि मालक पंपवाल्याला शिव्या घालतो. जादा इंधनातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफही गार इंजिनात उडून जात नाही, तीही ऑइलमध्ये मिसळते. मग ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर, फेसकट थर दिसू लागतो. तो पाहून दुसरा मिस्त्री जाहीर करतो, "हेड गॅस्केट गेली." गॅस्केट ठणठणीत असते. तरीही हेड उतरतं, लेथवर फेसिंगला जातं आणि हजारोंचं बिल येतं.

सिलिंडरच्या झिजेचा प्रश्न तर फार पूर्वीच सुटला आहे. १९३०च्या दशकात ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्ससाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडर का झिजतात यावर प्रयोग केले. गार भिंतींवर ज्वलनातली आम्लयुक्त ओल जमते, धातू गंजत जातो आणि थंड चालणाऱ्या इंजिनाची झीज झपाट्याने वाढते, असं त्यांत दिसून आलं. आजची ऑइलं आणि इंधनं खूप सुधारली, पण गार भिंतीवर ओल जमायची थांबलेली नाही. नव्या गाड्यांच्या संगणकात तर यासाठी स्वतंत्र बिघाड-संकेतच आहे, पी-०१२८. इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, असा त्याचा अर्थ. स्कॅनर लावून तो 'क्लिअर' करून देणारे आहेत. तो का आला हे विचारणारे कमी.

वॉल काढण्याला विरोध करणारेही एक चुकीचं कारण हिरीरीने देतात: वॉल नसेल तर पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ऐकायला पटतं, पण तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असताना वेग वाढल्याने रेडिएटरची एकूण उष्णता फेकण्याची ताकद घटत नाही. खरं कारण वेगळं आहे. काही इंजिनांत वॉलच्या मागे दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडली की ती आतल्या फिरत्या पाण्याची बायपास वाट बंद करते. वॉल काढला की ही बायपास वाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय घाटात नेमका उलटा फिरतो.

गाडी खरोखर कशाने तापते याचं बीडपुरतं पहिलं उत्तर बोअरच्या पाण्यात आहे. जिल्ह्याखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवतं आणि दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत सूट देतं. घरातल्या पाणी तापवायच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडरभोवतीच्या जागेत चढतो. उष्णता अडवण्यात तो पटाईत. "कूलंट काय, पाणीच तर आहे" म्हणत दर आठवड्याला बाटलीभर बोअरचं पाणी ओतणाऱ्याने रेडिएटर स्वतःच्या हाताने बुजवलेला असतो.

कूलंट फक्त बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी, हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं, त्यातली रसायनं गंज आणि क्षार रोखतात; मराठवाड्याला दोन्ही हवंच आहे. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक छापलेलं नसेल, तर आत रंगवलेलं पाणी असण्याची शक्यता मोठी. दाट कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळायचं.

यानंतर क्रम लागतो रेडिएटरच्या झाकणाचा. ते दाब धरून ठेवतं. साधारण एक बार जादा दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर मेलं की तेच पाणी शंभरीला उसळतं आणि सगळे म्हणतात, गाडी पाणी खाते. बदलायला सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि बदलला जातो सर्वांत शेवटी. (गरम असताना ते उघडू नये, हे सांगावं लागू नये, तरी दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हात भाजून घेतो.) मग पंख्याची मोटर आणि रिले, वॉटर पंप, आणि बाहेरून जाळीत अडकलेली धूळ, कापसाची बोंडकं, उसाचं पाचट. आतून तुंबलेल्या रेडिएटरला रॉडिंग तरी करावं लागतं किंवा तो बदलावा तरी लागतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने वॉल शाबूत आहे का हे पाहायला पाना लागत नाही. सकाळी थंड गाडी सुरू करावी आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर हात ठेवावा. होज बराच वेळ गार राहून मग थोड्या वेळात गरम झाला तर वॉल आहे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला आणि पुढे हायवेवर काटा निम्म्यापर्यंतही चढला नाही, तर वॉल नाही किंवा उघडाच अडकलाय. काढलेला वॉल बरा आहे का तेही तपासता येतं: पातेल्यात पाणी, त्यात दोरीला बांधलेला वॉल आणि थर्मामीटर, खाली गॅस. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"डॉक्टरांची गाडी आहे, फक्त घर ते दवाखाना." दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन कधी पुरतं तापतच नाही, म्हणजे वर सांगितलेलं सगळं नुकसान वॉल असूनही होतं.

"पुण्याची गाडी, तिकडचे रस्ते चांगले." रस्ते असतील, पण तिथल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून इंजिन चालल्याचे तास मीटरवर येत नाहीत. क्लच मात्र ते सगळे मोजतो.

"चेनची गाडी आहे, बेल्टची कटकट नाही." एस्टीम, ॲक्सेंट, इंडिगो १.४ डिझेल यांत टायमिंग बेल्ट आहे आणि तो किलोमीटरइतकाच वयानेही म्हातारा होतो. १.३ डिझेल डिझायरमध्ये चेन आहे हे खरं, पण तिचा ताण ऑइलच्या दाबावर सांभाळला जातो. ऑइल बदलायला टाळाटाळ झाली की चेनही सैल पडते.

"दाट ऑइल टाका, धूर बंद." धूर काही दिवस लपतो, झिजलेल्या रिंगा भरून येत नाहीत.

"इथेनॉलने इंजिन संपतं." उसाच्या जिल्ह्यात हे बोलायला हिंमत लागते, पण यात अर्धं तथ्य आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की १० टक्के इथेनॉलच्या ई१० पेट्रोलसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्क्यांच्या ई२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सीलही तपासत राहावेत. इंजिन संपण्याची गोष्ट वेगळी; ती बहुतेक वेळा वर वर्णन केलेल्या कारणांनी घडते.

"उतारावर न्यूट्रल करा, इंधन वाचतं." इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र ते लागतं. शिवाय धारूरहून तेलगावकडे उतरताना इंजिनाची अडवणूक नसली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून नरम पडतात. चावी बंद करून उतरणाऱ्याचा ब्रेक बूस्टर तर दोन-तीनदा दाबल्यावर मदतच करत नाही.