हात काढायचा कधी?

जिल्हास्तर शालेय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेची तारीख लागली की आमच्याकडे दोन कामं वाढतात. एक, उसवलेल्या गाद्यांना टाके घालणं. दुसरं, पालकांना आवरणं. "सर, पोरगी कधी मारन फ्लिक? तिच्या मैत्रिणीची तं होऊन राह्यली!" दहावीत खेळासाठी मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा हिशेब काही घरांत पाचवीपासूनच सुरू होतो, त्यामुळे या प्रश्नाला धार असते.

फ्लिक म्हणजे मागे झेप घ्यायची, हातांवर टेकायचं आणि पुन्हा पायांवर यायचं. सगळा मामला सेकंदभराचा. पण जिथे जायचं ती जागा पोराला दिसत नाही, आणि माणसाचं शरीर न दिसणाऱ्या जागी डोकं न्यायला सहजासहजी राजी होत नाही. ही भीती घालवायची नसते. तिला तयारीनिशी वळसा घालायचा असतो, आणि सगळा वेळ त्या तयारीतच जातो.

आमच्या बुलढाण्यात खेळाचं नाव काढलं की हल्ली आधी तिरंदाजी आठवते, आणि ते रास्तच. २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात इथल्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही आणलं. तेव्हापासून 'आपल्या गावातही होऊ शकतं' हा विश्वास पालकांत आला. सोबत घाईही आली. बाण चुकला तर भात्यात दुसरा असतो. मनगटांचा भाता दोनाचाच, आणि वाढत्या वयात मनगटातल्या हाडाचं टोक अजून कच्चं असतं. तिथे रोज आदळआपट झाली की आधी ते दुखायला लागतं.

आमच्या भागातले अनेक जुने क्रीडाशिक्षक अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घडलेले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचं पथक देशी खेळ दाखवून आलं होतं. त्या तालमीतल्या माणसांची एक खोड मी जवळून पाहिली आहे. पोराला नवी उडी सांगण्याआधी ते त्याला पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मागे टेकवायचे नाहीत. नव्या पोरांना हा भाग भयंकर कंटाळवाणा वाटतो. पालकांना तर फुकटचा.

मेहकरकडच्या एका खेड्यातलं पोर आलं होतं. विहिरीच्या काठावरून उलटी गुलाट मारण्यात त्याचा पंचक्रोशीत हात धरणारा नव्हता. हॉलमध्ये पाऊल टाकताच म्हणालं, "सर, मले येते." येत होती, पण पाण्यात. गुलाट अर्धवट राहिली तरी पाणी सांभाळून घेतं, गादी घेत नाही. त्याला आम्ही साध्या कोलांट्यांवर बसवलं तर फुगून बसलं, चार दिवस तोंड दाखवलं नाही. बाहेरच्यांना वाटतं घाबरणारी मुलं शिक्षकाला त्रास देतात. माझ्या अनुभवात न घाबरणारं पोर आलं की शिक्षकाची झोप उडते, कारण त्याला थांबवायला आपल्याशिवाय कुणीच नसतं, त्याची स्वतःची भीतीसुद्धा नाही.

उलट टोकाची एक मुलगी होती. सहावीतली, कापूस पिकवणाऱ्या घरची. कार्टव्हील सरळ रेषेत, राउंड ऑफ तर बघत राहावं असं. ब्रिजमधून पाय वर टाकून उलटणंही तिला लवकर जमलं. फ्लिकला मात्र गुडघे वाकवायची, हात मागे न्यायची आणि तिथेच थांबायची. महिन्यामागून महिना तेच.

इथे आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. फ्लिक शिकवताना शिक्षकाचा एक हात कमरेला असतो, दुसरा मांडीच्या मागे. सुरुवातीला मुलाचं निम्मं वजन तोच उचलतो. मग तळहात जातो, बोटं राहतात. मग बोटं फक्त बनियनला लागतात. शेवटी हात जवळ असतो पण लागत नाही. याला आम्ही आपसात 'खोटा हात' म्हणतो. हात काढताना पोराला सांगायचं की नाही, यावर शिक्षकांत दोन तट आहेत आणि चहाच्या टपरीवर यावरून आवाज चढलेले मी ऐकले आहेत. न सांगणाऱ्यांचं म्हणणं, सांगितलं की पोर अडतं. ते खरंही आहे.

आमच्या एका सहकाऱ्याने त्या मुलीला न सांगता हात काढला. फ्लिक उत्तम झाली. हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या कशासाठी हे कळल्यावर ती गादीवरून उतरली. दुसऱ्या दिवशी राउंड ऑफलाही कुणाला जवळ उभं राहू देईना. पुढचं सगळं पावसाळी सत्र गादीच्या गुंडाळीवर मागे लोळण्यात आणि भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहण्यात गेलं. गुंडाळी म्हणजे कापसाची गादी वळून कासऱ्याने आवळलेली. दर थोड्या दिवसांनी कापूस एका अंगाला जमायचा आणि गुंडाळी लंगडी व्हायची. हा आमचा फोम पिट.

पालक अशा वेळी दीपा कर्माकरचं उदाहरण देतात, पण अर्धंच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने प्रोदुनोव्हा व्हॉल्ट मारली, १५.०६६ गुण घेऊन चौथी आली, कांस्य ०.१५० ने हुकलं. एवढं सगळ्यांना पाठ आहे. तिचे तळवे सपाट होते, आणि आगरतळ्यात बिश्वेश्वर नंदींनी त्या पायांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली, ते कुणी टीव्हीवर पाहिलं नाही. त्याच अंतिम फेरीत उझबेकिस्तानची ४१ वर्षांची चुसोव्हितिना होती, हे सांगितलं तर पालक मलाच वेड्यात काढतात.

मी त्यांच्यापुढे दुसरा हिशेब मांडतो. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात साध्या फ्लिकची किंमत ०.१, आणि पडलं तर वजा १.०. कच्ची फ्लिक स्पर्धेच्या रचनेत घालणं म्हणजे दहा पैसे मिळवायला रुपया लावणं. हा हिशेब ऐकून अडत्याच्या घरचे पालक लगेच गप्प होतात. नोकरदार वाद घालतात.

त्या मुलीला फ्लिक पुढच्या वर्षी आली, आणि हात सांगून काढल्यावर आली. आम्ही रचनेत घातली. मग ती भराभर उंच झाली आणि फ्लिक गेली. असं होतं. हातपाय लांबतात, अंगाचा तोल सरकतो, शरीराला पाठ झालेलं गणित चुकायला लागतं. वडील हताश होऊन आले. त्यांना मी सिमोन बायल्सची गोष्ट सांगितली. टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेतल्या पिळाचं भान सुटायला लागलं तशी जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्ट एकेका अंतिम फेरीतून बाहेर पडली. परत आली ती फक्त बीमवर, पिळाची उतरण काढून बिनपिळाची घालून, आणि कांस्य घेऊन गेली.

"म्हंजे तिनं बी काढली?"

"काढली. आपणही फ्लिक काढून फ्रंट वॉकओव्हर घालतोय."

मुलीचा त्या वर्षी नंबर आला नाही. वडिलांनी गावात मात्र सांगून टाकलं, की अमेरिकेच्या पोरीनं ऑलिंपिकमध्ये जे केलं, तेच आपल्या पोरीनं बुलढाण्यात केलं.