कालव्याकाठची सायकलवाट

इंग्लंडच्या डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर मॉन्सल ट्रेल ही सायकलवाट आहे. तिच्यावरचे जुने बोगदे २०११ मध्ये खुले झाले. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून डोंगरातही ती वाट दमवत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या परिसरात असा सौम्य उतार शोधायचा तर पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांकडे पाहावे. पाणी संथ वाहावे म्हणून कालवा जमिनीची पातळी धरून जातो आणि काठची देखभालीची वाटही बहुतेक सपाटच राहते. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना ट्रक-ट्रॅक्टरच्या रस्त्यापेक्षा ही वाट नक्कीच बरी. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते, चाक फिरत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याला दाबलेला मुरूम हवा. पाण्यात पडण्याची भीतीही रास्तच, तिथे कठडा बांधावा.