घातक कचरा: गोणी गेली, जबाबदारी राहिली

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात गेलात, तर मागच्या भिंतीला टेकवलेल्या नायलॉनच्या गोण्या दिसतील. आत करडा-हिरवा, ओलसर गाळ. दिसायला चिखल, पण कायद्याने घातक कचरा. त्याविषयीचे काही गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज १: घातक कचरा मोठ्या केमिकल कंपन्यांचाच असतो.
वस्तुस्थिती: केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांतल्या पहिल्या अनुसूचीत ३८ प्रकारच्या प्रक्रिया आहेत. मशीनमधून काढलेलं काळं ऑइल, रंगकामाचा गाळ, केमिकलचे रिकामे ड्रम, केमिकलने माखलेल्या चिंध्यासुद्धा त्यात येतात. दोन खोल्यांचं वर्कशॉपही यातून सुटत नाही.

गैरसमज २: सांडपाण्यावर प्रक्रिया केली की विषय संपला.
वस्तुस्थिती: क्रोम प्लेटिंगच्या पिवळ्या पाण्यात षट्‌संयुजी क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. आम्ल घालून सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळलं की पाणी हिरवट होतं. मग चुना टाकला की क्रोमियम गाळ होऊन तळाशी बसतं. पाणी निवळलं, पण धातू कुठेच गेला नाही, तो गोणीत आला. ती गोणी नाल्याकाठी रिकामी झाली, तर पहिल्याच पावसात गाळ नंदिनी नदीत, म्हणजे आपल्या नासर्डीत, आणि पुढे गोदावरीत. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला फक्त ०.०५ मिलिग्रॅम आहे.

गैरसमज ३: भंगारवाल्याला दिलं की आपण मोकळे.
वस्तुस्थिती: हा कचरा प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यांनाच देता येतो. गाडीबरोबर सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचं नोंदपत्र जातं आणि माल पोहोचल्याची सही होऊन त्यातली एक प्रत कारखान्याकडे परत येते. चुकीच्या हाताळणीमुळे नुकसान झालं, तर कचरा निर्माण करणाराही जबाबदार धरला जातो. केमिकलचा निळा ड्रम भंगारात विकला की तो कुणाच्या तरी मोरीत पाणी साठवायला जाऊ शकतो. वरवर धुतल्याने त्यातलं विष जाईलच, असं नाही.

गैरसमज ४: साठू द्या, सवडीने पाठवू.
वस्तुस्थिती: साठवणुकीची मुदत ९० दिवस. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान उद्योगांना मंडळ मुदतवाढ देऊ शकतं, पण ती आपोआप मिळत नाही. शिवाय दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं.

गैरसमज ५: शेवटी सगळं खड्ड्यातच पुरतात.
वस्तुस्थिती: नियमांनी क्रम ठरवून दिला आहे: कचरा होऊच न देणं, कमी करणं, पुन्हा वापरणं, पुनर्चक्रीकरण, उपयुक्त घटक किंवा ऊर्जा मिळवणं. काही कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. विल्हेवाट सर्वांत शेवटी, तीही तळाला माती आणि जाड प्लास्टिकचे थर, झिरपणारं पाणी गोळा करायला नळ्या अशा बंदिस्त जागेत.

राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची अशी सामायिक केंद्रं आहेत. चारही नाशिकपासून दूर. चार गोण्यांसाठी गाडीभाडं परवडत नाही, ही लहान उद्योजकाची अडचण खरी आहे. म्हणून निमा, आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांनी शेजारच्या दहा शॉपचा माल एकाच अधिकृत गाडीत जाईल, अशा ठरलेल्या फेऱ्या लावाव्यात. आणि गोणी दाराबाहेर पडली की मालकाने सही झालेल्या मॅनिफेस्टची वाट पाहावी. ते हातात येईपर्यंत आपलं काम पूर्ण झालेलं नसतं.