परदेशातील एक सत्र : लाभ आणि दक्षता

महाविद्यालयीन शिक्षण चालू असताना एखादे सत्र परदेशात घालवावे काय, हा प्रश्न आता तालुक्याच्या गावचे पालकही शिक्षकांना विचारू लागले आहेत. अनेकदा त्यासाठी कर्ज काढावे लागते. म्हणून उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

युरोपात १९८७ साली सुरू झालेली ‘इरॅस्मस’ योजना या बाबतीत उद्बोधक आहे. तीत यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, शिवाय राहण्याच्या खर्चासाठी अनुदान मिळते. कोणते विषय शिकायचे, याचा करार विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठे यांच्यात निघण्यापूर्वीच होतो. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात. परतल्यावर तेच विषय पुन्हा शिकावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू होय.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार ‘ट्विनिंग’ अभ्यासक्रमात एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविता येतात. पदवी भारतीय संस्थाच देते. मात्र संस्थांमध्ये असा करार नसेल, तर परदेशातील अभ्यास येथे ग्राह्य न धरला जाण्याचा धोका असतो. मग पैसा खर्च होतो आणि वर्षही वाया जाते.

परक्या भाषेचा सराव, निराळी अध्यापनपद्धती व स्वावलंबन हे लाभ निश्चितच मोलाचे आहेत. परंतु करार लेखी आहे काय, श्रेयांक ग्राह्य धरले जातील काय आणि शुल्क कोणाकडे भरावयाचे, याची खात्री करूनच पालकांनी कर्जाच्या कागदावर सही करणे हिताचे ठरेल.